नातवापेक्षा व्हिडिओ बरा
नवा स्मार्टफोन शिकायचा तर यूट्यूबवर मराठीत शोधावं, नातवाच्या हाती देऊ नये, हे माझं ठाम मत. नातू झरझर बोटं फिरवून काम उरकतो, आजोबा कोरडेच राहतात! व्हिडिओ मात्र हवा तिथं थांबतो, दहादा मागे नेला तरी वैतागत नाही. आपल्या धाराशिवात फोन शिकणं ही हौस नाही, गरज आहे. २०२१ पासून सातबाऱ्यावर सोयाबीन चढवायचं तर शेतात उभं राहून ई-पीक पाहणी ॲपमध्ये फोटो काढावा लागतो. त्याचा व्हिडिओ शोधताना ॲपच्या नावापुढे चालू वर्ष जरूर टाका. ॲप बदलत राहतं आणि जुना व्हिडिओ आता नसलेलंच बटण दाबायला सांगतो. टाइप जमत नसेल तर माइकचं चिन्ह दाबून सरळ बोला. आणि शिकवता शिकवता कुणी ओटीपी मागितला, तर तिथंच बंद करा.