सहा जणांची मॅरेथॉन

जपानमध्ये १९१७पासून ‘एकिदेन’ ही रस्त्यावरची टप्प्याटप्प्यांची सांघिक शर्यत धावली जाते. आपला टप्पा संपला की अंगावरचा पट्टा पुढच्या साथीदाराच्या हाती द्यायचा. त्याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने १९९२मध्ये माडेरा बेटावरच्या फुंशालला देशादेशांचे संघ उतरवले. अंतर ४२.१९५ किलोमीटर, धावपटू सहा. टप्पे ५, १०, ५, १०, ५ आणि उरलेले ७.१९५ किलोमीटर. ट्रॅकवरचा वेगवान गडी आणि रस्त्यावरचा चिवट गडी एकाच संघात! मला ही रचना फार मोलाची वाटते. पुरुषांत केनियाने तीनदा बाजी मारली, १९९४ला मोरोक्कोने. १९९८ला ब्राझीलमधल्या मनाऊसची चौथी शर्यत शेवटची ठरली. देशाकडे एक तारा आहे की सहा तयार पाय, हे दाखवणारी ही स्पर्धा पुन्हा सुरू व्हायलाच हवी.