काठिण्यपातळी कोणाच्या मालकीची?

मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरून आज जाणाऱ्या तरुणाला, या रस्त्याच्या दुतर्फा एकेकाळी पाळी बदलल्याचे भोंगे वाजत असत, हे मुद्दाम सांगावे लागते. कारखान्यांच्या जागी मॉल आले, टोलेजंग इमारती आल्या. मॉलमध्ये वरच्या मजल्यावर खेळांची दालने असतात आणि तेथे कार्डात पैसे भरून यंत्रे चालवावी लागतात. ज्यांच्या खिशाला ते परवडत नाही त्यांच्यासाठी मागच्या गल्लीत एखादा गाळा असतो. आत दोन-तीन दूरदर्शन संच, त्यांना जोडलेली प्लेस्टेशन यंत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर तासाचा दर. संध्याकाळी सभेची पत्रके वाटत फिरणारा कार्यकर्ता त्या गाळ्यावरून जातो, आत वाकून पाहतो, तलवारींचा खणखणाट ऐकतो आणि ‘पोरे वाया चालली’ असा निर्णय देऊन पुढे जातो.

हा निर्णय फार स्वस्तात दिला जातो. ज्या विरंगुळ्यात श्रमिकांची मुले आपली कमाई आणि आपला वेळ खर्च करतात, त्याची अर्थव्यवस्था समजून न घेता त्यावर शेरा मारणे समाजवादी विचारास शोभणारे नाही. वास्तविक पाहता या खेळांत दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांचा अर्थशास्त्राशी अगदी निकटचा संबंध आहे. एक म्हणजे काठिण्यपातळी. खेळ सुरू करतानाच पडद्यावर ‘ईझी’, ‘नॉर्मल’, ‘हार्ड’ अशी निवड येते. दुसरी म्हणजे लढण्यातील डौल. काही खेळांत शत्रूला नुसते लोळवून भागत नाही. कसे लोळवले याचे गुण मिळतात.

काठिण्य हे प्रथम खेळणाऱ्याच्या हाती नव्हते, ते यंत्राच्या मालकाच्या हाती होते. जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ साली निघाला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांच्या लक्षात आले की पडद्यावरील शत्रू जसजसे मरत जातात तसतसे यंत्राला चित्रे कमी काढावी लागतात आणि उरलेले शत्रू आपोआप वेगाने धावू लागतात. हा खरे तर त्या यंत्राच्या दुर्बळपणाचा परिणाम. पण तो त्यांनी तसाच ठेवला, कारण त्याने खेळ चढत्या श्रेणीने अवघड होत होता. पुढे नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या पोटात, सर्किटच्या पाटीवर, बारीक खटक्यांची एक रांगच बसवण्यात आली. एका नाण्यात किती ‘जीव’ द्यायचे, शत्रू किती कठोर ठेवायचे, हे दुकानदाराने ते खटके खालीवर करून ठरवायचे. खेळणाऱ्याला त्याचा पत्ता नसे. मुलगा लवकर मेला तर नाणे लवकर पडे. फार लवकर मेला तर तो पुन्हा येत नसे. या दोहोंमधला नेमका बिंदू शोधणे हा धंदा होता. गिरणीतील कामाचा वेग ज्या न्यायाने ठरवला जाई त्याच न्यायाने येथे करमणुकीचा वेग ठरवला जात होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

घरगुती यंत्रे आली तेव्हा हा हिशेब बदलला. पैसे एकदाच, खरेदीच्या वेळी, मोजलेले. त्यानंतर मुलगा दहा वेळा मेला काय आणि शंभर वेळा मेला काय, कंपनीला त्यात फायदा नाही. म्हणूनच काठिण्याची निवड उघडपणे खेळणाऱ्याच्या हाती देणे परवडू लागले, आणि मेहनतीचे फळ नाण्याखेरीज दुसऱ्या कशात तरी द्यावे हा विचार पुढे आला.

या विचारातून जे निघाले त्याचा उत्तम नमुना म्हणजे कॅपकॉम कंपनीचा २००१ सालचा ‘डेव्हिल मे क्राय’. ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयकथामालेचा पुढचा भाग म्हणून हे काम सुरू झाले होते. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांच्या हातून ते इतके वेगळे झाले की त्याला स्वतंत्र नाव द्यावे लागले. त्याच कंपनीच्या ‘ओनिमुशा’ या खेळात एक दोष आढळला होता. शत्रूला तलवारीने वर उडवून तो खाली पडण्याआधी पुन्हा पुन्हा मारता येत असे. कामियांनी तो दोषच आपल्या खेळाचा पाया केला. (त्याच्या दहा वर्षे आधी, ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये, एकामागून एक जोडलेले फटके असेच चुकीतून सापडले होते. या कलेचा इतिहास म्हणजे बव्हंशी उपयोगी पडलेल्या चुकांचा इतिहास आहे.)

येथे पडद्याच्या कडेला अक्षरे उमटतात. ‘डी’पासून चढत ‘ए’ आणि त्याही वर ‘एस’. एकच वार दहादा केला तर शत्रू मरतो, पण श्रेणी चढत नाही. वार बदलावा लागतो, लय सांभाळावी लागते, स्वतः मार खाल्ला की श्रेणी घसरते. म्हणजे विजयासाठी जे पुरेसे आहे त्याच्या पलीकडे जे काही केले जाईल, त्याचीच येथे मोजदाद होते. मार्क्सच्या वाचकाला ‘आवश्यक श्रम’ आणि ‘अतिरिक्त श्रम’ ही विभागणी नवी नाही. कारखान्यात अतिरिक्त श्रमाचे फळ दुसऱ्याच्या खिशात जाते. या खेळात ते, निदान तेवढ्या वेळापुरते, करणाऱ्यापाशी राहते.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी वाटण्याचे कारण नाही. २०२४ साली ज्या दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान देण्यात आला, तो फिरवताना पाहणारे लोक पट्टा फिरला कसा, मनगट वळले कसे, तेच पाहतात. समोर शत्रू नसतोच. मल्लखांबाच्या स्पर्धेतही उडीचे काठिण्य आणि तिची सफाई या दोहोंचे गुण असतात. तालमीतील वस्ताद नवख्याला पहिल्याच दिवशी अवघड पेच शिकवीत नाही, आणि तयार झालेल्याला सोप्या पेचावर रेंगाळूही देत नाही. चांगल्या खेळातील काठिण्यपातळी हे वस्तादाचेच काम करते. ‘डेव्हिल मे क्राय’च्या मालिकेत वरच्या पातळीवर शत्रू नुसते दणकट होत नाहीत, त्यांची मांडणी बदलते, जे शत्रू पूर्वी शेवटी येत ते आरंभीच समोर उभे राहतात. जुने पाठांतर तेथे कामास येत नाही.

अर्थात सर्वच वस्ताद मनाचे मोठे नसतात. ‘निन्जा गायडेन ब्लॅक’ या २००५ सालच्या खेळात वारंवार मरणाऱ्याला सोपी पातळी देऊ केली जाई, पण तिचे नाव ‘निन्जा डॉग’, आणि ती घेणाऱ्याच्या नायकाच्या दंडाला गुलाबी फीत बांधली जाई. दुर्बळाला मदत करायची तर ती हिणवूनच, ही वृत्ती शिधावाटप दुकानाच्या रांगेत उभे राहिलेल्यांना अनोळखी नाही. त्याच वर्षी ‘डेव्हिल मे क्राय ३’ अमेरिकेत आला तेव्हा जपानमधील ‘हार्ड’ पातळीलाच तेथे ‘नॉर्मल’ म्हणण्यात आले. ओरड झाल्यावर पुढील वर्षीच्या आवृत्तीत पातळ्या पूर्ववत झाल्या. ‘साधारण’ कशाला म्हणायचे हे वरून कोणीतरी ठरवतो, हा धडा त्या ओरडीतून मिळतो.

२०१९ साली ‘सेकिरो’ या जपानी खेळात पातळ्यांची निवडच नव्हती. सर्वांना एकच कसोटी. त्यावर जगभर वाद झाला. सर्वांना समान कसोटी म्हणजे समता, असे एक पक्ष म्हणतो. हात अधू असलेल्याने काय करावे, असे दुसरा विचारतो. त्याच्या आदल्याच वर्षी ‘सेलेस्ट’ या छोट्या खेळाने सहाय्याची सोय दिली होती, वेग कमी करण्याची, पडण्यापासून वाचण्याची, आणि तीही कोणाला न हिणवता. ज्याला कठीण हवे त्याचे कठीण त्याने किंचितही कमी झाले नाही. या वादात ‘सेलेस्ट’चा मार्ग योग्य, असेच म्हटले पाहिजे.

परंतु हा वाद ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांचा आहे. मुलुंडच्या गाळ्यातील मुलापुढचा प्रश्न त्याच्याही आधीचा. प्लेस्टेशन ५ हे यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि नव्या मोठ्या खेळाची एक प्रत ४,९९९ रुपयांपर्यंत जात होती. तेव्हा तासाच्या भाड्याला पर्याय नाही. आता हिशेब पाहावा. ‘डेव्हिल मे क्राय ५’ (२०१९) मध्ये आरंभी दोनच पातळ्या खुल्या असतात. तिसरी उघडण्यासाठी खेळ एकदा पूर्ण करावा लागतो, चौथीसाठी त्या तिसरीवर पुन्हा एकदा. एका फेरीस दहा-बारा तास धरले तरी चौथ्या पातळीच्या नुसत्या दारापर्यंत पोहोचायला वीस-चोवीस तासांचे भाडे मोजावे लागते. त्यातच गाळ्यातील यंत्र सर्वांचे. काल जेथपर्यंत मजल मारली ती नोंद आज दुसऱ्याने पुसलेली असू शकते. म्हणून तेथे मुले फुटबॉल खेळतात, समोरासमोरची मारामारी खेळतात, जे अर्ध्या तासात संपते ते खेळतात. लांब पल्ल्याच्या खेळास कोणी हात घातलाच तर ‘ईझी’ घेतो. त्याचे मनगट कच्चे असते असे नाही. मरून पुन्हा उठण्याचा एकेक मिनिट त्याला विकत घ्यावा लागतो. ज्याला चुकणे परवडत नाही त्याला डौल साधत नाही. नाण्याच्या यंत्रातले खटके मालकाच्या हाती होते. येथे मालकाला खटक्याला बोटही लावावे लागत नाही, घड्याळ ते काम करते.

मोबाइलने गाळ्याला वळसा घातला, असे वाटते. खेळ फुकट, यंत्र खिशात. पण तेथे दुसरेच चालते. अवघडपणा मुद्दाम रचायचा आणि त्यातून सुटका तुकड्यातुकड्याने विकायची. थांबायचे नसेल तर पैसे भरा, हत्यार हवे तर पैसे भरा. हा विषाणू मोठ्या खेळांतही शिरला आहे. ‘डेव्हिल मे क्राय ५’ मध्ये ज्या तांबड्या मण्यांनी नवे पेच शिकता येतात, ते मणी खऱ्या पैशांनी विकत घेण्याचीही सोय कंपनीने ठेवली. वस्तादाने पेच शिकवण्याऐवजी काउंटरवर विकावा, तसा हा प्रकार. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला आणि पैसे पणाला लावून चालणाऱ्या खेळांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. अशा खेळांनी किती घरांतील पगार गिळला हे चाळीतील बायकांना विचारावे. मात्र त्या कायद्याचा रोख पणावर आहे. सुलभतेच्या या किरकोळ विक्रीवर नाही.

तेव्हा प्रश्न फिरून वेळेपाशी येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीत त्याने भजन करावे, तालमीत जावे की तमाशा पाहावा, हे लोखंड्यांनी सांगितले म्हणून ती मिळाली नव्हती; ती त्याची होती म्हणून मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० वर नेण्याच्या दुरुस्त्यांस मान्यता दिली. आठवड्याची एकूण मर्यादा तीच राहील, असे समर्थन करण्यात आले. बारा तास उभे राहून डोंबिवलीची गाडी पकडणाऱ्या तरुणाला ते समर्थन फार उपयोगी पडणार नाही. तो मोबाइलवर जे झटकन मिळेल ते खेळेल, आणि मग त्याच्या अभिरुचीवर अग्रलेख लिहिले जातील.

या कलेत मराठी मुलुखाचा हात नाही, असेही नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. जत्रेत कसरती करणारी एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते, हाती त्रिशूळ. ती भिंतीवर धावत चढते, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावते. मल्लखांब पाहिलेल्याला ती ओळखीची वाटेल. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी काम पुरे झाले. लढाईतील हालचाली पुरेशा सफाईदार नाहीत अशी टीका झाली आणि तीत तथ्य होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लढाई नव्याने घडवली गेली, हिंदी संवाद आले आणि काठिण्यपातळ्याही आल्या. याच्या उलट, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या साहसखेळाच्या नव्या घडणीचे काम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे दिले होते. २०२० साली त्याची पहिली झलक दाखवली, चित्रे जुनाट दिसतात म्हणून टीका झाली, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवण्यात आले. पुण्याच्या छोट्या संस्थेला आपली चूक दुरुस्त करण्यास दोन वर्षे मिळाली, कारण काम तिचे स्वतःचे होते.

मुलुंडमध्ये वाचनालये आहेत, व्यायामशाळा आहेत, महाराष्ट्र सेवा संघासारखी जुनी संस्था आहे. कॅरम आणि बुद्धिबळाचे पट अशा ठिकाणी असतात. त्याबद्दल कोणी तासाचे भाडे घेत नाही. एका कोपऱ्यात एक यंत्र ठेवण्यास पन्नास-साठ हजारांची वर्गणी लागेल. गणेशोत्सवाच्या मांडवाला याहून अधिक लागते. मुलांनी पाळीपाळीने खेळावे, पाळीची वही भिंतीला टांगलेली असावी. प्रत्येकाच्या नावाचे वेगळे खाते त्या यंत्रात उघडता येते, आणि ज्याने जेथे खेळ सोडला तेथूनच त्याला तो पुन्हा सुरू करता येतो.