घोड्याशेजारची रिकामी भोकं

दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजवलंय ना? चाप ओढला, घोडा टिकलीवर आपटला, फट्! आजच्या वस्तूत याच आपटण्याला महत्त्व आहे.

वस्तू म्हणजे अमेरिकेतली जुनी, ठासणीची लांब रायफल. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी आपल्या मायदेशातल्या आखूड, जाड शिकारी रायफलीला लांब आणि सडपातळ केलं. लोखंडी पट्टी तापवून सळईभोवती वळवायची, ठोकून सांधायची, की झाली नळी. मीटरभर तरी लांब. मग आतून पिळाच्या खाचा पाडायच्या, छोटं पातं हातानं पुन्हा पुन्हा ओढत. तेलकट फडक्यात गुंडाळून ठासलेली गोळी त्या खाचांमुळे फिरत सुटते, म्हणून नेम चुकत नाही. दस्ता मेपलचा, वाघासारख्या पट्ट्यांचा. फडकी ठेवायला त्यात पितळी झाकणाचा कप्पा, आणि झाकणावर नक्षी! शिकारीच्या हत्याराला एवढी नटवानटवी कशाला, असं वाटतं खरं.

आधी ती चकमकीवर चालायची. ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या दारूत पडायची, तिथून बारीक भोकावाटे आत. पाऊस आला की पंचाईत. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची तक्रार निराळीच: वाटीतला भडका बघून पक्षी आधीच निसटतात! त्यानं आघातानं पेटणारं मिश्रण वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. आपली टिकलीच म्हणा.

नव्या रायफली टोपीच्याच होऊ लागल्या. पण आजोबांची चकमकीची होती, तिचं काय? बंदूक करणारा कारागीर वाटी काढायचा, बारीक भोक मोठं करून त्यात टोपीसाठी नळकांडी पिळून बसवायचा, घोडा बदलायचा. काढलेल्या भागांच्या स्क्रूची भोकं मात्र लोखंडी पट्टीवर तशीच राहायची.

पुढे संग्राहकांना चकमकीच्या रायफली जास्त मोलाच्या वाटू लागल्या. मग अशा कितीतरी रायफलींची भोकं बुजवून, नवी वाटी लावून त्यांना पुन्हा ‘मूळ’ रूप दिलं गेलं. मला हे पटत नाही. आजीच्या घागरीचा डाख खरवडून काढल्यासारखंच ते. नातवानं पदरचे पैसे घालून जुनी बंदूक चालू ठेवली, याचा तेवढाच पुरावा होता.

कधी संग्रहालयात अशी रायफल दिसली, तर नक्षी सावकाश बघा. आधी घोड्याशेजारच्या पट्टीवर रिकामी भोकं आहेत का ते शोधा.