धूमकेतूचे छायाचित्र आणि वाटपाचा प्रश्न

सार्वजनिक खर्चाचे प्रकरण शिकविताना पेण-रोह्याकडील वर्गात एक प्रश्न हटकून येतो : जेथे घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागते, त्या देशाने आकाशस्थ गोलांची छायाचित्रे टिपण्यावर पैसा का खर्चावा? पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटाने वर्षानुवर्षे पाणीटंचाई सोसली आहे. तेव्हा हा प्रश्न उर्मट नव्हे, रास्त आहे. तथापि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

मार्च १९८६ मध्ये युरोपचे 'जिओट्टो' यान हॅलेच्या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. सेकंदाला ६८ किलोमीटर या सापेक्ष वेगामुळे धुळीचा कणही तेथे बंदुकीच्या गोळीसारखा होता. अगदी निकट पोहोचण्याच्या काही क्षण आधी अशाच एका आघाताने यान डळमळले आणि संपर्क तुटला. परंतु तत्पूर्वी सुमारे १५ किलोमीटर लांबीचा, कोळशाहून काळा गाभा जगाने पाहिला होता.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यातील धाडसापेक्षा व्यवहार अधिक उद्बोधक वाटतो. गाभा नेमका कोठे आहे हे आठवडाभर आधी जाऊन आलेल्या सोव्हिएत 'व्हेगा' यानांनी दाखविले. त्या यानांचा अचूक मागोवा अमेरिकेच्या रेडिओ दुर्बिणींनी घेतला. पैशाअभावी अमेरिकेने हॅलेकडे स्वतःचे यान धाडले नव्हते. शीतयुद्धाच्या काळातही ही देवाणघेवाण झाली, कारण ज्ञान वाटल्याने घटत नाही. धरणाचे पाणी मात्र घटते.

भारतालाही या शिदोरीचा लाभ झाला आहे. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी 'सायडिंग स्प्रिंग' धूमकेतू मंगळापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला, तेव्हा सुमारे ४५० कोटी रुपये खर्चाचे आपले मंगळयान धुळीपासून वाचविण्यासाठी मंगळाआड राहील अशा बेताने फिरविण्यात आले. धूमकेतूंविषयी जगाने जमविलेली माहिती अशी आपल्या उपयोगी पडली.

आपल्या जिल्ह्यातच याचे जुने उदाहरण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला आली. सूर्याकडून वाहणारा जो कणांचा वारा धूमकेतूची वायुमय शेपटी मागे लोटतो, तोच पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षुब्ध करतो; त्याच्या नोंदी अलिबागला शतकाहून अधिक काळ होत आहेत. एका अर्थसंकल्पाच्या मापाने अशा खर्चाचे मोल ठरत नाही.

खारेपाट तहानलेला राहिला तो यानांवर पैसा गेला म्हणून नव्हे, तर असलेल्या पाण्याचे वाटप चुकले म्हणून. ज्ञानाच्या बाबतीतही तोच दोष आहे. धूमकेतूंची छायाचित्रे सर्वांस खुली आहेत. परंतु पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याला ती मराठीत समजावून देणारे पुस्तक, महाविद्यालयात एखादी बरी दुर्बीण आणि अलिबागची एक अभ्याससहल एवढे तरी सहज मिळते काय? यान पाठविण्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. तो टाळून केवळ मोहिमांचा गौरव करणाऱ्या शासनाला विद्यार्थ्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. हॅले २०६१ मध्ये परत येईल. आजचा विद्यार्थी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला असेल. त्या वेळचे यान घडविण्यात त्याचा वाटा असावा, अशी इच्छा असेल तर तरतूद आजच्याच अंदाजपत्रकात करावी लागेल.