डिकीतला गालिचा आणि सरकारचा वजनकाटा

जुन्या स्टेशन वॅगनची डिकी आतून नीट करून घ्यायला कोणी निघालं की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "कशाला पैसे घालताय, भंगारात देऊन टाका." दुसरा, "मस्त डायमंड रेक्झीन मारून घ्या, मागे वूफर टाका, एकदम चकाचक." पहिला सल्ला सरकारी, दुसरा बाजारी. दोन्हींत गाडी जातेच. एकात वजनावर जाते, दुसऱ्यात चकाचक होऊन जाते. आज मला या दोघांशीही भांडायचंय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गाडी कुठली, ते आधी सांगतो. टाटा इस्टेट. आपल्या पुण्याच्या कारखान्यातली, कंपनीला सगळे टेल्को म्हणायचे तेव्हाची. १९८८ ला टाटामोबाइल पिकअप आली, १९९१ ला सिएरा आणि १९९२ ला इस्टेट. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, पाच गिअर आणि मागे ही भलीमोठी काचेची खोली. लोकांनी नाकं मुरडली. "मागून शववाहिकेसारखी दिसते" हे वाक्य मी त्या काळात इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. आपल्याकडे गाडीला पुढे नाक आणि मागे पेटी हवीच, नाहीतर ती गाडी नव्हे, असा हट्ट. अँबेसेडरच्या आणि फियाटच्याही लांब डिकीच्या आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यांचंही फार कौतुक झालं नाही. मग १९९४ ला सुमो आली आणि मोठी कुटुंबं तिकडे वळली.

पण ज्यांच्या घरी इस्टेट होती त्यांना विचारा. गणपती कुठे बसून आला? डिकीत. कोकणातून तांदळाची पोती, फणस, आंब्याच्या पेट्या? डिकीत. लग्नाची भांडी, हॉस्टेलची गादी, परत येताना झोपलेली दोन पोरं? सगळं डिकीत. (पोरांना डिकीत झोपवणं चूकच, आता कोणी करू नका.) गाडीच्या बॉनेटकडे शेजारी बघत असतील, घरचा संसार मागे असायचा. म्हणून या गाडीची सगळ्यात जास्त वाट लागते तीही मागेच.

आता मुद्द्याचं. सेडानची डिकी ही वेगळी पेटी असते. तिच्यात पाणी साचलं, वास आला, पत्रा कुजला तरी झाकण लावलं की संपलं. स्टेशन वॅगनमध्ये मधे भिंत नसते. मागे जे सडतं त्याचा वास तुम्ही पुढे बसून घेता. आणि नुसता वास नाही. चौकोनी पाठीची गाडी वेगात असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर त्या पोकळीत फिरत राहतो. डिकीच्या दाराचं रबर कडक झालं असेल, कुठे फाटलं असेल, तर तो धूर आत ओढला जातो. म्हणजे डिकीचं रबर हा हौसेचा विषय नाही, मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांचा विषय आहे. तरी गाडी तपासायला नेली तेव्हा त्या रबरावर कोणी बोट फिरवलेलं मला तरी आठवत नाही. दिवे बघतात, ब्रेक बघतात, चॅसिस नंबर घासून बघतात.

म्हणून काम करायचं तर त्याचा क्रम लागतो, आणि बाजारातली नव्वद टक्के कामं इथेच फसतात. (आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्वेक्षणाचा नाही.) लोक गालिच्यापासून सुरुवात करतात. गालिचा सगळ्यात शेवटी! आधी मागचं सगळं उघडायचं: गालिचा, त्याखालचा नमदा, बाजूची पॅनेलं, दाराच्या आतलं कव्हर. प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटो, प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. मग एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून नळीनं पाणी सोडायचं. खालून वर. आधी उंबरठा, मग मागच्या दिव्यांच्या कडा, मग बाजूच्या मोठ्या काचांची रबरं, शेवटी छताची पन्हळ. वरूनच पाणी ओतलं तर सगळीकडून ओघळतं आणि मूळ भोक सापडत नाही. दिव्यामागचं चपटं वॉशर गेलेलं असतं, दोष मात्र काचेला देऊन लोक काच काढून बसतात.

गळती थांबल्याशिवाय पुढचं काहीही करणं म्हणजे पैसे गटारात. नमदा पाणी पितो आणि सोडत नाही. वरून गालिचा कोरडा लागतो आणि खाली पत्रा आषाढ ते कार्तिक ओला असतो. मग एक दिवस स्क्रूड्रायव्हर सहज आरपार जातो.

पत्र्याचं तसंच. गंजलेल्या जागी पुट्टी थापून वर काळा रंग मारला की सहा महिने छान दिसतं. खरं काम म्हणजे कुजलेलं कापून काढायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत, तिथे नवा तुकडा वेल्ड करायचा, सांध्यात सीलर, मग प्रायमर, मग रंग, मग आवाज दाबणारी डांबरी शीट. आणि वेल्डिंगची ठिणगी उडण्याआधी बाजूच्या पॅनेलमागे काय आहे ते बघायचं. अनेक गाड्यांत टाकीत तेल भरायचा पाइप तिथूनच खाली जातो, वायरिंगही तिथेच असतं. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात गाडी देऊ नका, कितीही स्वस्त म्हणाला तरी.

बाजूची पॅनेलं म्हणजे दाबलेला पुठ्ठाच. तीस पावसाळ्यांनंतर ती पापडासारखी फुगतात. कारागीर पहिली गोष्ट काय करतो? फेकून देतो. आणि तिथेच सगळं हातातून जातं, कारण क्लिपची भोकं कुठे, वळण किती, कडा कुठे दुमडली, हे फक्त त्या फुगलेल्या तुकड्यालाच ठाऊक असतं. तो जपायचा, त्यावरून कागदी नमुना काढायचा, मग पातळ वॉटरप्रूफ प्लायवर उतरवायचा आणि कडांना वॉर्निश पाजायचं. मूळ रेक्झीन शाबूत असेल तर ते अलगद सोडवून, धुऊन, नव्या पाठीवर चढवता येतं. वेळखाऊ आहे. पण काचेखाली तीस वर्षं ऊन खाऊन उतरलेल्या त्या रंगाचं रेक्झीन आज बाजारात मागून मिळत नाही. छताच्या कापडाला साधं सोल्युशन चालत नाही, उन्हात ते सुटतं आणि कापड डोक्यावर येतं. तिथे उष्णता सहन करणारंच हवं.

आणि दोन गोष्टी कोणीच बघत नाही. एक, मागची सीट आडवी करायची कडी. ती झिजली असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर डिकीतलं सामान सीटसकट पुढे येतं. दुसरी, दार वर धरणारे शॉकअप. ते मेले की लोक काठी लावतात. त्या वजनदार दाराखाली वाकून सामान काढणाऱ्या माणसाचं डोकं आणि ती काठी, एवढाच प्रश्न असतो. नवे गालिचे टाकणारे लोक या दोन्हींना हात लावत नाहीत, कारण फोटोत ते दिसत नाही.

हे काम जाणणारे हात आपल्याकडे अजून आहेत. नाना पेठेत आहेत, मुंबईत कुर्ल्याला आहेत, गल्लीबोळांत एकेकटे आहेत. शिवणयंत्रावर पायपिंगची शिवण डोळे मिटून मारणारे. त्यांना आम्ही काय काम देतो? नव्या गाड्यांवर लालकाळी फुगीर कव्हरं चढवायचं. ते तरी काय करतील, पोट आहे. एका कारागिरानं मला सरळ सांगितलं, "साहेब, मूळसारखं करायला चार दिवस लागतात आणि लोक दोन हजार देतात. डायमंड करायला एक दिवस लागतो आणि लोक दहा देतात." यावर त्याला उपदेश करायची माझी लायकी नाही, तुमचीही नाही. पण वीस वर्षांनी ही शिवण कोणालाच येणार नाही, याचा हिशेब कुठल्या धोरणात आहे?

आता धोरणाकडे येतो, कारण खरा राग तिथे आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रॅप धोरण वाजतगाजत आलं. जुनी गाडी द्या, नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के भंगारमूल्य घ्या, नवी घेताना रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत घ्या. ठीक. सडक्या, ब्रेक नसलेल्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, त्याबद्दल माझा वाद नाही. मग १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या कारची फेरनोंदणी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारला १०,००० केली. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

आणि त्याच सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांपुढची गाडी, मूळ स्वरूपात, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नाही, अशी असेल तर तिला मानाची 'व्हीए' मालिकेची पाटी. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि तेल भरायला रस्त्यावर आणायची मुभा. चांगला नियम आहे, मी स्वागतच केलं होतं.

पण जरा बोटं मोजा. १९९२ ची इस्टेट व्हिंटेज कधी होणार? २०४२ ला. तोपर्यंत तिची फेरनोंदणी २०२७, २०३२ आणि २०३७ ला. म्हणजे आजच्या दरानं ३०,००० रुपये, कर सोडून, आणि तेही दर पुन्हा वाढले नाहीत तर. पन्नाशीला "मूळ रूप दाखवा" म्हणणारा कायदा तिसाव्या वर्षी ते मूळ रूप जपणाऱ्याला काय देतो? वाढीव फी आणि भंगाराचं आमिष. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना पाटी, आणि मध्यमवर्गाच्या, आपल्या गावच्या कामगारांनी बांधलेल्या गाड्यांना वजनकाटा. मग २०४२ ला दाखवायला उरणार कोण? आकाशातून पडणार का मूळ गाड्या?

जगात हे कोडं सुटलेलं आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, ऐतिहासिक वाहनाची व्याख्या तीस वर्षांपासून सुरू होते. जर्मनी तीस वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'एच'ची वेगळी पाटी देतं. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडली की रस्ता कर माफ होतो. हे देश प्रदूषणाबाबत आपल्यापेक्षा ढिले आहेत असं कोणी म्हणणार नाही.

प्रदूषणाचा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. भारतात कारसाठी 'इंडिया २०००' मानकं आली तेव्हा इस्टेटचा काळ संपत आला होता. हे इंजिन आजच्या कुठल्याही डिझेलपेक्षा घाण धूर सोडतं. म्हणूनच मी म्हणत नाही की ती रोज ऑफिसला न्या. नेऊच नका. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला, ओडोमीटर तपासा, धुराची चाचणी लावा, नापास झाली तर उभी करा. त्या बदल्यात तीस ते पन्नास या वयाच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी एक वेगळा वर्ग करा आणि फेरनोंदणी जुन्या दरानं ठेवा. तपासणीच्या यादीत डिकीच्या दाराचं रबर आणि सीटची कडी या दोन ओळी वाढवा, सगळ्याच गाड्यांसाठी. स्क्रॅप केंद्रात दुर्मीळ गाडी चेपण्याआधी आतली पॅनेलं, काचा, रबराच्या पट्ट्या, कड्या काढून विकायची उघड सोय करा. आणि आयटीआयमध्ये गाडीच्या आतल्या कामाचा, शिवणीपासून पॅनेलपर्यंतचा, अभ्यासक्रम सुरू करा, शिकवायला त्या गल्लीतल्या कारागिरालाच बोलवा. यातल्या एकाही गोष्टीला मेट्रोएवढा खर्च नाही.

आणि "श्रीमंतांचे चोचले" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: श्रीमंत माणूस जुनी इस्टेट ठेवत नाही हो. ठेवतो तो निवृत्त फोरमन, ज्यानं ती लाइनवर जुळवली होती. ठेवते ती मुलगी, जिच्या वडिलांनी कर्ज काढून घेतली होती. रॅलीला आलेल्या बाहेरून झळाळणाऱ्या गाड्यांचं दार उघडून मागे बघा एकदा. निम्म्या ठिकाणी हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं असतं.

या मागण्यांचं पत्र मी परिवहन आयुक्तांना आणि आपल्या आमदार-खासदारांना लिहितोय. ज्यांच्याकडे पंचवीस वर्षांपुढची गाडी आहे त्यांनी वर्ष, मॉडेल आणि शेवटच्या फेरनोंदणीला किती रुपये गेले ते खाली लिहा, गाडीचा नंबर टाकू नका. आणि कोणाच्या माळ्यावर इस्टेटच्या डिकीची मूळ पॅनेलं पडली असतील, कितीही फुगलेली असोत, दिवाळीच्या साफसफाईत देऊ नका. मला कळवा, मी कागद आणि पेन्सिल घेऊन येतो.