तेजोवलय कोणाचे?

वैनगंगेकाठच्या कारध्याहून काही तरुण वाचकांनी विचारले आहे : येशूच्या तसबिरीत डोक्यामागे दिसणारे तेजोवलय तथागतांवरून उचलले, असे आम्ही छातीठोकपणे सांगावे काय?

सांगू नये, असे आमचे मत. कनिष्काच्या, म्हणजे इ. स. दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर बुद्ध वलयासह उभे आहेत, हे खरे. येशूला वलय चौथ्या शतकात मिळाले, हेही खरे. पण आधीचे म्हणून तेथूनच गेले, हा पुरावा नव्हे. त्याच कुषाण नाण्यांवर इराणी सूर्यदेव मिहिरालाही वलय आहे आणि ग्रीकांच्या सूर्यदेवाला ते त्याहून जुने. रोममध्ये संत पीटरच्या चर्चखाली एका दफनघरात तर येशू चक्क सूर्याच्या रथावर, डोक्यामागे किरण घेऊन आहे! (तो येशूच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.) खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ येशूही ग्रीक-रोमन मूर्तींच्या जुन्या साच्यातला, आणि शिष्यांत बसलेला येशू ग्रीक तत्त्वज्ञाच्या थाटाचा.

आपले तरी काय? भाज्याच्या लेण्यात मूळ खोदकामात बुद्धमूर्ती नाही; वंदन होई ते स्तूपाला. मूर्ती घडल्या त्या पुढे, आणि गांधारच्या मूर्तींत भगवंतांच्या चीवराच्या चुण्या ग्रीक धाटणीच्याच आहेत.