पाण्याच्या बाटलीत दडलेली हुशारी

सागरी पर्यटनाच्या अवाढव्य जहाजांवर मद्याला बंदी नाही. बंदी आहे ती प्रवाशाने घरून आणलेल्या मद्याला. या दोहोंतील अंतर ध्यानात घेतले म्हणजे त्या बंदीभोवती वर्षानुवर्षे चाललेल्या लपंडावाचा अर्थ उलगडू लागतो. एका बाजूला नफ्यावर डोळा ठेवणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला तिला चकवण्यात धन्यता मानणारा प्रवासी. आणि या दोघांच्या झटापटीत भरडला जातो तो तिसराच, ज्याचा मद्याशी काडीचाही संबंध नाही.

नियम तसा अवघड नाही. कार्निव्हल या अमेरिकी कंपनीच्या जहाजावर २१ वर्षे पूर्ण केलेल्या प्रवाशाला, प्रवासाच्या पहिल्या दिवशी, हातातील सामानातून ७५० मिलिलिटरची वाइन वा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली नेता येते. रॉयल कॅरिबियनचा नियमही जवळपास असाच आहे. व्हिस्की, रम, व्होडका यांना मात्र थारा नाही. वाटेतल्या बंदरावर मद्य विकत घेतले, तर ते जहाजावर चढताना ताब्यात घेतले जाते आणि प्रवास संपताना परत मिळते. सामान क्ष-किरण यंत्राखालून जाते. संशय आला तर पेटी बाजूला काढली जाते आणि मालकाला बोलावून त्याच्यादेखत ती उघडली जाते.

तरीही चोरवाटा काढणारे कमी नाहीत. यंत्राला सहजी दिसू नयेत अशा प्लॅस्टिकच्या लवचीक पिशव्या बाजारात उघडपणे विकल्या जातात. दुर्बिणीच्या आकाराच्या सुरया मिळतात, उन्हापासून बचावाच्या मलमाच्या नळ्यांसारख्या दिसणाऱ्या कुप्या मिळतात. गुळण्या करण्याच्या औषधाच्या बाटलीत खाण्याचा हिरवा रंग घालून मद्य नेण्याची क्लृप्ती तर इतकी जुनी झाली आहे, की ती तपासनिसांनाही पाठ असावी. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, एरवी वाहतुकीचा दिवाही न मोडणारी माणसे या उद्योगात रमतात आणि परतल्यावर त्याचे किस्से मित्रमंडळींत रंगवून सांगतात.

कंपन्यांची बाजू निर्मळ आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. या व्यवसायाचे अर्थकारण पाहावे. कार्निव्हल समूहाच्या २०२३च्या एकूण उत्पन्नात सुमारे एक तृतीयांश वाटा तिकिटांव्यतिरिक्तच्या, म्हणजे मुख्यतः जहाजावरच्या खर्चाचा होता. तिकीट स्वस्त ठेवायचे आणि एकदा किनारा सुटला, की मद्य, जुगार, सहली, छायाचित्रे यांतून भरपाई करायची, हे या धंद्याचे सूत्र आहे. समुद्रावर शेजारी दुसरे दुकान नसते. अशा ठिकाणी प्रवाशाची स्वतःची बाटली म्हणजे प्रतिस्पर्धीच होय. त्यातही एका खोलीतील एका प्रौढाने ‘अमर्याद’ पेयांचे पॅकेज घेतले, तर त्याच खोलीतील दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावेच लागते, अशी अट अनेक ठिकाणी असते. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे. पंधरा पेले पाजण्याची तयारी ठेवायची आणि सोळाव्याच्या वेळी संयमाची आठवण करून द्यायची, याला प्रवाशांच्या प्रकृतीची काळजी म्हणणे धाडसाचेच ठरेल.

असे असले तरी सुरक्षिततेचा मुद्दा सर्वस्वी खोटा नाही. अमेरिकेत २०१०मध्ये पर्यटन-जहाजांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि जहाजाचे कठडे किमान ४२ इंच उंच असावेत, इतके बारीक तपशील त्यात घालावे लागले. मद्याच्या अमलाखाली त्या कठड्यावर रेलणारा माणूस काय ओढवून घेईल, हे सांगायला नको. बारमध्ये पेला भरणारा कर्मचारी तोल गेलेल्या गिऱ्हाइकाला नकार देऊ शकतो. खोलीत दडवलेल्या बाटलीला कोण नकार देणार? कंपनीच्या नियमामागे नफा आहे आणि सुरक्षाही आहे. अडचण एवढीच, की नफ्याचे कारण पडद्याआड ठेवायचे आणि सुरक्षेचे तेवढे पुढे करायचे, या पद्धतीमुळे नियमाचा नैतिक धाक ओसरतो. ज्या नियमाचे खरे कारण सांगितले जात नाही, तो मोडताना माणसाला संकोच वाटत नाही.

पण मग प्रवाशाच्या ‘हुशारी’चे मोल कोण चुकवते? २०१५च्या जुलैमध्ये कार्निव्हलने प्रवाशांना पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या घरून आणण्यास मनाई केली; केवळ मर्यादित संख्येने डबे वा खोकी चालतील, असे ठरले. पाण्याच्या बाटल्यांतून होणारी मद्याची चोरटी ने-आण, हे त्यामागील एक कारण कंपनीनेच सांगितले होते. काही थोड्यांनी बाटलीत मद्य दडवले, आणि मद्याला न शिवणाऱ्या कुटुंबाचा आपले साधे पाणी बरोबर नेण्याचा अधिकार गेला. लबाडीचा भुर्दंड लबाडाला क्वचितच बसतो. तो त्याच्या मागे रांगेत प्रामाणिकपणे उभ्या असलेल्या माणसाला बसतो.

हा प्रश्न दूरच्या मायामी बंदरापुरता राहिलेला नाही. अमेरिकेतील मुलांकडे गेलेले कितीतरी मराठी आईवडील बहामाच्या सागरी सहलीला जाऊन येतात. मुंबईच्या बंदरातूनही २०२१पासून कॉर्डेलियाच्या सफरी सुरू झाल्या. आणि ही मनोवृत्ती तर आपल्याला फार जुन्या ओळखीची आहे. गोव्यात कर कमी म्हणून मद्य स्वस्त. ते परवान्याविना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा. तरीही सहलीहून परतताना गाडीच्या आसनाखाली, चादरीच्या घडीत, काजूच्या पिशव्यांमागे बाटल्या दडवायच्या आणि बांद्याजवळचा इन्सुलीचा तपासणी नाका निर्विघ्न पार पडला, की सुटकेचा निःश्वास टाकून हसायचे, हे दृश्य कोकणाच्या रस्त्यावर नवे नाही. मागच्या आसनावर बसलेली मुले हे सारे पाहत असतात. पुस्तकातील नागरिकशास्त्र त्यांना परीक्षेपुरते आठवते. नाक्यावरचे नागरिकशास्त्र जन्मभर लक्षात राहते.

“आमचा पैसा, आमची सुटी, मग अवाच्या सवा दर आम्ही का द्यावेत?” हा प्रश्न विचारला जाईल, आणि तो अगदीच गैरलागू नाही. चित्रपटगृहांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यावरून असाच वाद झाला होता. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता असून तेथील अटी ठरवण्याचा अधिकार मालकाला आहे; मात्र पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य दिलेच पाहिजे. या निकालातील विवेक जहाजालाही लावण्याजोगा आहे. जे जीवनावश्यक आहे, ते कोणी अडवू नये. आणि जे केवळ चैनीचे आहे, त्याच्या दराबद्दल तक्रार असेल तर ती उघडपणे करावी, दुसरे जहाज निवडावे, नाहीतर त्या वस्तूवाचून चार दिवस काढावेत. चार दिवस काढणे ज्याला अशक्य वाटते, त्याने कंपनीच्या नियमापेक्षा स्वतःच्या सवयीचा विचार आधी केलेला बरा.

कंपन्यांनीही दोन गोष्टी केल्या पाहिजेत. नियमामागील सर्व कारणे, नफ्यासह, स्पष्ट शब्दांत सांगावीत आणि न पिणाऱ्या प्रवाशावर पॅकेजची सक्ती करू नये. मात्र त्या हे करीपर्यंत लबाडीची मुभा मिळते, असा अर्थ कोणी काढू नये. दुसऱ्याचा लोभ हा आपल्या खोटेपणाचा परवाना होत नाही.

अथांग समुद्र, सूर्योदयाची पहिली रेषा, आप्तांच्या संगतीत मिळणारा निवांत वेळ, यांसाठी माणूस घरदार सोडून जहाजावर चढतो. यातली एकही गोष्ट कपड्यांच्या घडीत दडवून न्यावी लागत नाही आणि तपासनिसासमोर पेटी उघडताना तिच्यामुळे छातीत धडधडत नाही. मुलांचा हात धरून त्या यंत्रासमोरून निःशंक मनाने पुढे जाता येणे, याहून मोठा सुटीचा आनंद कोणता असणार?